जीपच्या गुडघ्याची वाटी

चंदापूरच्या सिग्नलला डॉक्टर सत्यवतींची जीप उभी राहिली ती उभीच राहिली. इंजिन चालू होतं, गिअरचा दांडा ‘डी’वर होता, पण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत. त्यांनी रिव्हर्स टाकून पाहिला. ‘एल’वर टाकून पाहिलं. मागे बसवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. शेवटी सत्यवतींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कन्नडमध्ये त्याला सांगितलं, “अण्णा, माझी गाडी बसली. तुम्हा लोकांपैकी चौघं उतरून ढकलाल तर तुम्हीही लवकर सुटाल.”

चौघं नाही, सहा जण उतरले. त्यातल्या दोघांनी त्यांना ओळखलं. आनेकल तालुक्यात डॉक्टरअक्कांना न ओळखणारा गायवाला विरळाच.

सत्यवती सहासष्ट वर्षांच्या होत्या. जनावरांच्या डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आठवड्यातले तीन दिवस त्या चामराजपेटेतल्या घरून निघून आनेकलच्या आसपासच्या गोठ्यांत जायच्या. तीन वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा लुळा पडला. त्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर असायचा. क्लच दाबणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून गाडी हवी तर ऑटोमॅटिकच हवी. पण आनेकलपलीकडच्या वाटा अशा, की चारही चाकांनी ओढणारी गाडी नसेल तर पावसाळ्यात घरीच बसावं लागेल. अशी गाडी त्यांना चौतिसाव्या वर्षी मिळाली. एका जपानी इंजिनिअरने मायदेशी जाताना आपली शहाऐंशी सालची जीप विकायला काढली होती. पेट्रोलवरची, कार्बोरेटरवाली, तीन गिअरांची ऑटोमॅटिक. तेव्हापासून ती जीप आणि सत्यवती यांना कुणी वेगळं पाहिलं नव्हतं.

टोचन लावून जीप चामराजपेटेत गुंडोच्या गॅरेजात आणली. गुंडोही त्यांच्यासारखाच, तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कन्नड मुलुखात आलेल्या मराठी घरातला. घरी मराठी, गॅरेजात कन्नड, रागावला की तमिळ. वय अठ्ठावन्न. त्याने गिअरबॉक्स उतरवून उघडला, आतल्या तेलात बोट बुडवून वास घेतला आणि ते बोट सत्यवतींच्या नाकापुढे धरलं.

“जळलंय,” त्या म्हणाल्या.

“पूर्ण जळलंय, अक्का. आतल्या क्लचच्या प्लेटा म्हणजे नुसता कोळसा. ड्रमसुद्धा चिरलाय. ह्याचे पार्ट आता जपानातसुद्धा कोणी करत नाही.”

सत्यवतींचा धाकटा भाऊ रघुनंदन शेजारीच उभा होता. तो विमा कंपनीतून निवृत्त झालेला, नीटनेटका माणूस. रुमालाला इस्त्री करणारा. त्याने लगेच मुद्दा मांडला. “अक्का, देवानेच सांगितलंय असं समज. आता पुरे. जायचंच असेल तर एक लहानशी ऑटोमॅटिक घेऊ. तोवर मी सोडीन तुला माझ्या गाडीने.”

“आणि जीप?”

“भंगारात.”

सत्यवतींनी गुंडोकडे पाहिलं. गुंडो हात पुसत होता, आणि हात पुसताना तो फार सावकाश पुसायला लागला की त्याच्या डोक्यात काहीतरी चाललंय हे त्यांना ठाऊक होतं.

“होसकोटेच्या एका यार्डात ह्याच कंपनीची नंतरची एक गाडी पडलीय,” तो म्हणाला. “लॉरीखाली गेलेली. पुढून चपटी, पण मधला भाग शाबूत. तिचा ऑटोमॅटिक बॉक्स चार गिअरांचा आहे. नीट बसणार नाही. बसवावा लागेल.”

“बसेल?”

“बसवावा लागेल म्हणालो, अक्का.”

“सरी, चालेल,” सत्यवती म्हणाल्या. “बसवा.”

होसकोटेहून गिअरबॉक्स टेम्पोतून आला. जुन्यापेक्षा चार बोटं लांब. इंजिनच्या पाठीवरची भोकं आणि गिअरबॉक्सच्या तोंडावरची भोकं, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मागे जीपचा चारही चाकांना ताकद वाटून देणारा डबा होता, तो गुंडोला जुनाच ठेवायचा होता. तोही नव्या बॉक्सला जुळेना. म्हणजे पुढे एक जाड रिंग हवी आणि मागे एक प्लेट. दोन दुकानं सोडून हयवदनची लेथ होती. हयवदन बहात्तर वर्षांचा, कमी ऐकू येणारा, आणि हजाराव्या भागाएवढी चूक दिसली तरी तुकडा फेकून पुन्हा सुरू करणारा. त्याने पहिली रिंग फेकली. दुसरीही फेकली. तिसरी करताना त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे कोणी बोलायला येणार नाही.

बॉक्स लांब झाल्यामुळे मागचा डबा मागे सरकला. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करावा लागला, पुढच्याला तुकडा जोडून लांब करावं लागलं. खालचा आडवा आधार नव्या जागी वेल्ड झाला. फोर-व्हीलचा दांडा जिथून वर यायचा, तिथे आता काहीच नव्हतं; सीटच्या जवळ पत्र्याला नवं भोक पाडावं लागलं.

ह्या सगळ्याला अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांत रघुनंदनने आपला शब्द पाळला. आठवड्यातून तीनदा तो बहिणीला आपल्या गाडीतून आनेकलकडे नेऊ लागला. पहिल्या आठवड्यात गाडीचं पोट दगडावर घासून आवाज आला तेव्हा तो डोळे मिटून बसला. दुसऱ्या आठवड्यात गाडी चिखलात रुतली आणि एका बैलजोडीने बाहेर काढली. ते बैल कधीकाळी सत्यवतींनीच वाचवलेले होते, म्हणून मालक फार खूश झाला. सत्यवती शेवटचा अर्धा किलोमीटर कॅलिपरच्या पायाने चालत जायच्या. परत येताना त्यांच्या गमबुटांना, पिशवीला आणि कधी कधी बाहीला जे काही लागलेलं असायचं, ते रघुनंदनच्या फिक्या रंगाच्या सीटला लागायचं. एकदा मालकाने आग्रहाने आजारी वासरूच मागच्या सीटवर ठेवलं. “दवाखान्यापर्यंतच, साहेब,” तो म्हणाला. “गरीब आहे बिचारं.”

वासरू गरीब होतं, पण त्याचं पोट बिघडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता गुंडोचा फोन वाजला. “गुंडोअण्णा, मी रघुनंदन. किती झालं काम?” त्यानंतर तो फोन रोज येऊ लागला. पुढे पुढे रघुनंदन स्वतःच गॅरेजात येऊन बसायचा, हयवदनसाठी कॉफी घेऊन जायचा, आणि लहान गाडी घेण्याबद्दल मात्र त्याने पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

एका मंगळवारी जीप पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीने गॅरेजातून बाहेर आली. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुंडो स्वतः मैसूर रोडपर्यंत गेला आणि वीस मिनिटांत परतला. त्याचं तोंड उतरलेलं होतं. त्याने जीपखाली शिरून तेल काढलं. लालभडक भरलेलं तेल तांबूस-तपकिरी होऊन बाहेर आलं, आणि तोच वास.

“काय होतंय?” सत्यवतींनी विचारलं.

“गिअर फार लवकर बदलतोय. आणि बदलताना घसरतोय, पकड घेत नाही. आणखी वीस किलोमीटर चालवली असती तर हाही गेला असता.” गुंडो पायरीवर बसला. “अक्का, जुना बॉक्स इंजिनच्या हवेच्या नळीवर चालायचा. तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते त्याला त्या नळीतून कळायचं. ह्याला केबलने कळतं. ही बघा. ॲक्सिलरेटर दाबला की ही केबल ओढली जाते, आणि ती जितकी ओढली जाईल तितकं आत तेलाचं प्रेशर वाढतं. प्रेशर वाढलं की प्लेटा घट्ट धरतात. कमी ओढली तर प्रेशर कमी, आणि प्लेटा घासून जळतात.”

“मग केबल घट्ट करा.”

“केली. दहादा केली. पूर्ण ॲक्सिलरेटरला बरोबर केली तर अर्ध्यात ढिली पडते. अर्ध्यात बरोबर केली तर शेवटी इतकी ताणते की ॲक्सिलरेटर पूर्ण दबतच नाही. हा बॉक्स ज्या गाडीचा, तिला कार्बोरेटर नव्हता. माझंच चुकलं. मी तुमची जीप बिघडवली.”

सत्यवतींनी गुंडोला इतकं हताश कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी रघुनंदनला ॲक्सिलरेटरवर बसवलं, स्वतः बॉनेटपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हळूहळू दाब, रघू. आणि हळूहळू सोड. मी थांब म्हणेपर्यंत.”

कार्बोरेटरच्या बाजूला एक सरळ पट्टी होती, बोटाच्या दोन पेरांएवढी. तिच्या टोकाला गुंडोने केबल बांधली होती. ॲक्सिलरेटर दाबला की पट्टी फिरायची. सत्यवती कितीतरी वेळ बघत होत्या. सुरुवातीला पट्टी फिरत होती, पण केबल जवळजवळ हलतच नव्हती. मग एकदम धावायला लागायची.

“गुंडोअण्णा,” त्या म्हणाल्या, “हिला वाटी नाही.”

“काय नाही?”

“गुडघ्याची वाटी.” त्या बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला उजवा गुडघा दाखवला. “मांडीचा स्नायू इथून पाय ओढतो, बरोबर? तो स्नायू सरळ हाडाला बांधला असता तर पाय वाकलेला असताना एक ओढ लागली असती आणि सरळ असताना दुसरी. मध्ये वाटी आहे. पाय कितीही वाकला तरी ती त्या दोरीला सांध्यापासून लांब धरून ठेवते, म्हणून ओढ सांभाळली जाते. म्हशींची वाटी सरकते ना, तेव्हा पाय कसा अडकतो, मग झटका देऊन सुटतो? मी शेकड्यांनी बंध कापून सोडवल्यात. तुमची केबल तशीच चाललीय. आधी अडकते, मग झटका.”

गुंडो उठला. त्याने पट्टीकडे पाहिलं, केबलकडे पाहिलं. मग तो मागच्या खोलीत गेला आणि होसकोटेच्या गाडीचा इंजिनवरचा एक तुकडा घेऊन आला, जो त्याने भंगारात टाकायचा म्हणून बाजूला ठेवला होता. त्याच्यावर केबल गुंडाळायला चंद्रकोरीसारखी गोल खाच होती.

“अय्यो,” गुंडो म्हणाला. “हे माझ्या डोळ्यांसमोर पडलं होतं.”

तो तुकडा जसाच्या तसा बसणार नव्हता. कार्बोरेटरचा दांडा वेगळा होता. मग वहीच्या पुठ्ठ्यातून सत्यवतींनी कात्रीने एक गोल कोर कापली. गुंडोने कंपासने मोजून सांगितलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की केबल तेहेतीस मिलिमीटर ओढली गेली पाहिजे, एक कमी नाही, एक जास्त नाही. पुठ्ठा दांड्यावर अडकवून त्यांनी दोरा ओढून पाहिला. तीस भरला. दुसरी कोर स्वल्प मोठी कापली. पस्तीस. तिसरीला बरोबर तेहेतीस. तो पुठ्ठा घेऊन रघुनंदन हयवदनकडे धावला, आणि अर्ध्या तासात ॲल्युमिनियमची एक सुरेख कोर तयार होऊन आली. हयवदनने एकही फेकली नव्हती.

गिअरबॉक्स पुन्हा उतरवून गुंडोने आत नीट पाहिलं. दोन प्लेटा काळवंडल्या होत्या, त्या बदलल्या. नवं तेल भरलं. आणि ह्या वेळी त्याने तेलाच्या वाटेवर एक रबरी नळी जोडून तिच्या टोकाला प्रेशरचं मीटर लावलं. “उद्या तुम्ही चालवा,” तो सत्यवतींना म्हणाला. “मी शेजारी मीटर घेऊन बसतो. सपाट रस्त्यावरच जायचं. चढ नाही, ओझं नाही.”

सकाळी आठला ते निघाले. गल्लीत, मार्केटच्या गर्दीत, पहिला-दुसरा, दुसरा-पहिला. मीटरचा काटा ॲक्सिलरेटरबरोबर वर जात होता आणि त्याच्याबरोबर खाली येत होता. सिल्क बोर्डच्या चौकापुढे उड्डाणपुलावर मोकळा रस्ता मिळाला. तिसरा पडला. मग सत्यवतींना वाटलं, इंजिन बंद पडतंय की काय, इतकं ते एकदम शांत झालं.

“गुंडोअण्णा, काय झालं?”

“काही नाही, अक्का. चौथा पडला.”

बत्तीस वर्षांत त्या जीपमध्ये ह्या वेगाला कोणाशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. सत्यवती थोड्या वेळाने अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “ऐकू येतंय का हो तुम्हाला?”

“येतंय की.”

“मलाही,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसल्या.

पुलाच्या शेवटाला फोन वाजला. चंद्राबाई. आनेकलच्या पुढे, तलावाच्या पलीकडच्या टेकाडावर तिचा आठ गायींचा गोठा होता. पहाटेपासून गाय अडली होती. वासराचं नाक आणि एकच पाय बाहेर दिसत होता. दवाखान्यातले डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले.

सत्यवतींनी गुंडोकडे पाहिलं. “टेकाड आहे. चढ आहे.”

गुंडोने मीटरकडे पाहिलं, मग पुढे रस्त्याकडे. “गाय किती वेळ थांबेल?”

“फार नाही.”

“मग मला कशाला विचारता?”

तलावाच्या बांधापर्यंत वाट बरी होती. त्यापुढे बोअरवेलच्या लॉऱ्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मध्ये दगड, आणि समोर उभा चढ. सत्यवतींनी जीप थांबवली, नव्या भोकातून वर आलेला दांडा ओढला, चारही चाकं जोडली. चढासाठीचा ‘एल’ टाकला. गुंडोने मीटर दोन्ही हातांत धरलं. काटा सत्तरवरून शंभरवर गेला, सव्वाशेवर गेला. पुढचं चाक दगडावर चढलं, जीप एका बाजूला कलली, मागे औषधांची पेटी घसरून आदळली. काटा दीडशेला जाऊन थरथरत थांबला. आतून काही घसरल्याचा, काही जळल्याचा मागमूस नव्हता. जीप जिथे पाय टाकेल तिथे धरत होती, आणि न थांबता, न झटका देता, ती टेकाडावर येऊन उभी राहिली.

“उतरा,” सत्यवती म्हणाल्या. “तुमचं काम झालं. आता माझं.”

चंद्राबाईचा नवरा दुधाच्या कॅन घेऊन गावात गेलेला. गोठ्यात ती एकटीच. गाय आडवी पडलेली, डोळे फिरवलेली. सत्यवती कॅलिपरच्या गुडघ्यावरचा खटका सोडून जमिनीवर बसल्या, हात साबणाने धुतला आणि खांद्यापर्यंत आत घातला. वासराचा दुसरा पुढचा पाय मागे दुमडलेला होता. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांनी तो शोधत राहिल्या. दहा मिनिटं गेली. मग त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली आणि दुसरा खूर बाहेर आला. दोन्ही पायांना दोरी बांधून त्यांनी तिचं टोक गुंडोच्या हातात दिलं.

“मी?” गुंडो म्हणाला. त्याने आयुष्यात गायीला हातही लावला नव्हता.

“तुम्हीच. ती कळ देईल तेव्हाच ओढायचं. ती थांबली की थांबायचं. आणि सरळ नाही, खाली, तिच्या खुरांकडे.”

गुंडोने ओढलं. पहिल्या वेळी घाबरून फार हळू, दुसऱ्या वेळी फार जोरात, आणि सत्यवतींनी त्याच्या मनगटावर चापट मारली. तिसऱ्या वेळी त्याला तो ताल सापडला. गायीच्या कुशीवर लाट आली की तो मागे रेलायचा, लाट ओसरली की सैल व्हायचा. चंद्राबाई गायीच्या मानेशी बसून तिच्याशी बोलत होती. पाचव्या कळेला डोकं आलं, सहाव्याला खांदे, आणि मग बाकीचं सगळं एकदमच, इतकं एकदम की गुंडो पाठीवर पडला आणि ओलं, गरम, तपकिरी वासरू त्याच्या पोटावर.

सत्यवतींनी वासराच्या नाकपुड्या साफ केल्या, गवताच्या काडीने आत गुदगुल्या केल्या. वासरू शिंकलं. थेट गुंडोच्या तोंडावर.

“हेण्णु,” चंद्राबाई ओरडली. कालवड होती.

गुंडो तसाच पडून होता. “अक्का,” तो आभाळाकडे बघत म्हणाला, “ह्याच्यापेक्षा गिअरबॉक्स सोपा.”

तासाभरात कालवड लटपटत उभी राहिली आणि आईनेही उठून तिला चाटायला घेतलं. कालवडीचं पोट भरल्यावर चंद्राबाईने उरलेला चीक एका उघड्या तोंडाच्या चरवीत काढला. झाकण सापडेना. तिने चरवी गुंडोच्या हातात दिली, कारण तिच्या मते सगळं काम त्यानेच केलं होतं. डॉक्टरअक्का तर काय, नेहमीच येतात.

परतीच्या वाटेवर मीटर गुंडोच्या पायापाशी पडलेलं होतं. चरवी त्याने मांडीवर धरली होती आणि त्याची नजर फक्त तिच्यावर. उतारावर, तलावाच्या बांधावर, आनेकलच्या बाजारात, चंदापूरच्या वळणावर जीप एकेक गिअर चढत गेली, उतरत गेली. चीक काठापर्यंत येऊन हलायचा आणि परत स्थिर व्हायचा. बसस्टँडपाशी एक रिक्षा अचानक आडवी आली तेव्हा एक थेंब त्याच्या अंगठ्यावर आला. तो त्याने चाटून टाकला.

गॅरेजात पोचल्यावर तो आधी जीपखाली शिरला. पांढऱ्या फडक्यावर तेलाचे चार थेंब घेऊन बाहेर आला आणि ते फडकं त्याने उन्हात धरलं. लाल. कुंकवासारखं लाल. हयवदनने ते हातात घेऊन वास घेतला, रघुनंदननेही घेतला, कशाचा वास घ्यायचा हे त्याला ठाऊक नसताना.

संध्याकाळी सत्यवतींच्या घरी खरवस झाला. गूळ आणि वेलदोडा घालून रघुनंदनने स्वतः वाफवला, आणि वड्या पट्टीने आखल्यासारख्या समान कापल्या. हयवदनला दोन जास्त दिल्या. गुंडोने अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, सगळ्यांना पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि सांगता सांगता वासरू इतकं मोठं होत गेलं की शेवटी सत्यवतींनाच म्हणावं लागलं, “गुंडोअण्णा, स्वल्प कमी करा. मी तिथेच होते.”